कमी बघणारा प्रोसेसर

"इचारल्याबिगर बोलायचं न्हाई, आन् इचारल्यावर खोटं बोलायचं न्हाई. एवढं पाळ. बाकीची व्रतं जमतील तशी कर."

आई हे म्हणाली तेव्हा मी लग्न होऊन कोरेगावहून तासगावला निघाले होते आणि ती पिशवीत लोणच्याची बरणी सरळ उभी राहते का ते बघत होती. बरणी वाटेतच सांडली. सांगितलेलं राहिलं. बाकीचं जमतं तसं करते. सकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत मौन, सोमवारी एकभुक्त, रोजची माळ. यातलं एखादं कधी चुकतं, देव समजून घेतो. आईचं मात्र चुकवलेलं नाही. त्यापायी एकदा एका प्रोसेसरवर आळ आला, ती ही गोष्ट.

आमची बेदाण्याची शेड तासगावापासून जवळ आहे. द्राक्षं आमची आणि आजूबाजूच्यांची. जाळीवर वाळतात, मग माल झाडायचा, गंधकाची धुरी द्यायची आणि निवडायचा. आमचे हे फौजेतून निवृत्त झाल्यापासून बाग बघतात; गंधकाच्या वासाने त्यांना शिंका येतात म्हणून शेडमध्ये येत नाहीत. शेड माझ्याकडे आणि दिराचा मुलगा वीरधवल याच्याकडे. हिशेब, व्यापारी, यंत्रं त्याच्याकडे. बायका आणि देवाचा कोनाडा माझ्याकडे.

निवडायला सहा बायका बसतात. लांबट टेबल, प्रत्येकीपुढे एक ट्रे. हिरव्या मालातली काडी आणि काळा दाणा वेचून बाजूला टाकायचा, उरलेला माल मधल्या पट्ट्यावर सोडायचा. पट्टा पुढे बॉक्स भरायला जातो. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे, त्यामुळे लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. नवीन माणसाला वाटतं एकच बाई सहा ठिकाणी बसली आहे.

यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच एका परगावच्या व्यापाऱ्याने आमचा एक लॉट परत पाठवला. काडी एक नाही, पण काळे दाणे भरपूर. वीरधवलला ते फार लागलं. त्याने बायकांपुढे उभं राहून सांगितलं, "कुणाच्या हातनं जातंय ते मी काढणार. जिच्या जागंवर जास्त काळा निघंल, तिनं दुसऱ्या दिवशीपास्नं येऊ नये. मला भांडाण न्हाई करायचं. आकडाच बोलंल."

मग आकडा बोलावा म्हणून कॉम्प्युटर आला. सांगलीच्या नाथाजीरावांच्या दुकानातून. प्रत्येक जागेवर, ट्रेच्या बरोबर वर एक कॅमेरा, खाली बघणारा. पुण्याची समीक्षा, म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, तिने लिनक्सवर चालणारा प्रोग्राम लिहून दिला. ट्रेतून पट्ट्यावर सुटणाऱ्या मालात काळे किती ते तो मोजायचा. वीरधवलने मला समजावलं, "काकू, ह्या प्रोसेसरच्या पोटात सहा कोर हायत. कोर म्हंजे कामकरी. सहा कॅमेरे, सहा कामकरी. एका बाईवर एक."

"राखण," मी म्हणाले.

"राखण न्हाई. मोजणी."

मी खोक्यापुढे नारळ उचलला. "लांब फोडा, पाणी उडंल," वीरधवल म्हणाला. मी लांब फोडला. खोक्याला हळदकुंकू लावलं, कारण नवीन कामकऱ्याला आपण लावतो.

बनाबाईने त्याच दिवशी मला गाठलं. बनाबाई जतकडची. तिचा मुलगा मेंढरं घेऊन फिरतीवर असतो आणि तीही पूर्वी त्यांच्यामागे चालायची. आमच्याकडे बसायला लागल्यापासून तिचं चालणं थांबलं होतं. आमच्या शेडमधला सगळ्यात भरभर चालणारा हात तिचा. पाणी प्यायच्या माठापाशी ती मला म्हणाली, "वैनी, सकाळी लय धुकं पडतंय न्हवं?"

चैत्र होता. "नाही गं," मी म्हणाले.

"न्हाई? मला पडल्यालं दिसतंय. दोपारी बी."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. काडी तिला बोटाला कळत होती, म्हणून ती काडी सोडत नव्हती. काळा दाणा आणि हिरवा दाणा मात्र बोटाला सारखाच लागतो.

"आपरेशन केलं तर म्हैनाभर धुरीत बसू देत न्हाईत म्हंत्यात," ती म्हणाली. "तवर जागा जाईल. बाहेर किती जणी उभ्या हायत तुमास्नी ठावं हाय. आन् जागा गेली की परत मेंढरांमागं. न दिसता कुठनं चालू वैनी? आवं, कुणाला सांगू नगासा."

"मला कुणी विचारलं नाही तर मी सांगणार नाही," मी म्हणाले. त्यापुढचं वचन मला देता येत नव्हतं.

"वीरधवलदादा इचारतील?"

"तो यंत्राला विचारणार आहे."

"मग झालंच," असं म्हणून बनाबाई ट्रेपुढे जाऊन बसली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वीरधवल आकडे घेऊन आला. एक नंबरच्या जागेवर काळे दाणे बाकीच्यांच्या कितीतरी पट. "सापडलं," तो म्हणाला. पण समीक्षाने फोनवर त्याला सांगितलं होतं की एका दिवसावर निकाल देऊ नकोस, आठवडाभर बघ. म्हणून तो थांबला.

दुसऱ्या दिवशी एक नंबर स्वच्छ. दोन नंबरवर काळे.

तिसऱ्या दिवशी दोन स्वच्छ, तीनवर काळे.

मला आता इथे एक सांगायला हवं. आमच्या शेडमध्ये बायका रोज जागा बदलतात. एका टोकाची जागा दाराजवळ, तिथे दुपारी ऊन येतं. दुसऱ्या टोकाची गंधकाच्या खोलीपाशी, तिथे डोळे चुरचुरतात. एकीनेच का सोसायचं, म्हणून दररोज प्रत्येकीने एक जागा पुढे सरकायचं, शेवटचीने फिरून पहिलीवर यायचं. देवाला प्रदक्षिणा घालतो तसं, उजवीकडून. हे कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही. मी शेड बघायला लागले तेव्हा चालूच होतं. ते कुठे लिहिलेलं नाही आणि कुणी कुणाला सांगत नाही, जसं जेवताना कुठल्या हाताने जेवायचं ते सांगत नाही. वीरधवल बसतो अंगणापलीकडच्या काचेच्या खोलीत. तिथून त्याला सहा टोप्या दिसतात.

त्याने मला विचारलं असतं, तर सांगितलं असतं.

त्याने समीक्षाला विचारलं. बायका गेल्यावर शेडमध्येच, फोन स्पीकरवर होता. मी कोनाड्यातली वात सरळ करत होते.

"चूक रोज एका कॅमेऱ्यावरनं पुढच्या कॅमेऱ्यावर जातीय," वीरधवल म्हणाला. "अगदी ओळीनं. आज चारवर आली."

"ओळीने?" समीक्षा म्हणाली. "बाई अशी ओळीने चुकत नाही, दादा. हे यंत्राचं लक्षण आहे. एखादा कोर बिघडला असेल आणि सिस्टीम रोज चालू केल्यावर कामं एकेक घर पुढे सरकवत असेल. म्हणजे बिघडलेला कामकरी रोज नवीन कॅमेऱ्यावर."

"तसं असतंय?"

"मी कधी पाहिलं नाही. पण दुसरं काय असणार? तुमच्याकडे केवढं तापतं. आणि गंधक. गंधकाने तांबं काळं पडतं."

"म्हंजे बायकांचा दोष न्हाई?"

"दिसत तरी नाही."

वीरधवलने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, फुकट शंका घेतली की बायकांवर."

हा प्रश्न नव्हता. मी वात सरळ केली.

पण मनाला बरं वाटेना. आपण गप्प आहोत आणि दुसऱ्याच कुणावर आळ येतो आहे. तो दुसरा कुणी म्हणजे बोटभर लांबीचा चौकोनी तुकडा आहे हे खरं, पण मी त्याला हळदकुंकू लावलं होतं. पुढचे दिवस वीरधवलने त्या बिचाऱ्याला फार छळलं. मोठा पंखा बसवला. मग त्याचा वेग कमी केला. मग झाकण काढून ठेवलं, तर आत बेदाण्याची काडी पडली. दोष पाचवर गेला, सहावर गेला आणि परत एकवर आला. "फेरी पुरी केली बघा ह्यानं," वीरधवल म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आदर होता.

सोमवारी मी देवापाशी बसले तेव्हा माळ ओढता ओढता माझ्या मनात नामाऐवजी तो प्रोसेसरच येऊ लागला. मी देवाला म्हटलं, मला कुणाकरवी तरी विचार.

त्याच सकाळी वीरधवल म्हणाला, "काकू, सांगलीला येताय का? प्रोसेसर बदलायचा हाय. तुमी असलं की नाथाजीराव चहा चांगला पाजतो."

मी निघाले. खोकं मांडीवर घेतलं. माधवनगर येईपर्यंत वीरधवल कोरबद्दल बोलत होता आणि मी "हं" म्हणत होते. "हं" खोटं नसतं.

नाथाजीरावांचं दुकान लहान आहे. आत यंत्रांची उघडी पोटं पडलेली असतात आणि भिंतीवर विठोबा. आमचा प्रोसेसर त्यांनी काढला, पुसला, आपल्या यंत्रावर चढवला आणि तपासणी लावून दिली. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "वीरधवलराव, ह्याला काही झालेलं नाही. सहाच्या सहा कोर ठणठणीत. जावई म्हणून पसंत करा."

"नाथाजीराव, गरम झालं की करतोय तो. इथं तुमचा एसी हाय."

"एसी कालपासून बंद आहे. तुम्हाला घाम येतोय तो काय उत्साहानं?"

"मला बदलून पायजे."

"गिऱ्हाईक म्हणेल ते," नाथाजीराव म्हणाले आणि काउंटरवर तीन खोकी मांडली. "लिनक्स तिन्हींवर चालतं. लिनक्स कुणाच्याही घरी जेवतं. फक्त ज्या घरी जेवायचं तिथल्या पद्धतीनं शिजवावं लागतं. हा पहिला. तुमच्याच घराण्यातला, पण दुसऱ्या कंपनीचा. आठ कोर. कामाला वाघ. तापट आहे, पंखा मोठा लागेल."

"हां," वीरधवल म्हणाला.

"हा मधला नवीन घराण्यातला. ह्याचा आराखडा कुणा एकाच्या मालकीचा नाही, कुणीही घ्या, कुणीही बनवा. विचार चांगला आहे. पण अजून सगळे प्रोग्राम ह्याच्याशी बोलत नाहीत. शिकायला घ्या, हंगामात नको."

"आन् हा बारका?"

"हा मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा. अख्खा कॉम्प्युटर ह्या एका पाटीवर. पंखा नाही, बंद डबीत बसतो, त्यामुळे गंधक आत जात नाही. वीज दिव्याएवढी खातो. शांत आहे. पण झेप बेताची."

मी डबी हातात घेतली. पानाच्या डब्यापेक्षा लहान होती. "ह्याला किती कॅमेरे झेपतील?" मी विचारलं.

"तुमच्या कामाला एक. तो मात्र नीट बघेल."

"मग हा."

नाथाजीरावांनी चष्मा वर केला. "काकू, लोक जास्त बघणारा मागतात."

"मला कमी बघणारा हवाय."

"काकू," वीरधवल म्हणाला, "एक कॅमेरा म्हंजे पट्ट्याच्या शेवटी लावावा लागंल. काळा दाणा आला एवढं कळंल. कुणाच्या जागंवरनं आला ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग घ्यायचा कशाला? खरं सांगा. हा कशाला म्हणताय?"

तर विचारलं. मी डबी खाली ठेवली. "वीर, तुझ्या प्रोसेसरचा काही दोष नाही. बायका रोज जागा बदलतात."

वीरधवल माझ्याकडे वळला.

"रोज?"

"रोज. एकेक पुढं."

"कवापास्नं?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून असेल."

"आन् मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"तू विचारलं नाहीस, बाळा. समीक्षाला विचारलंस."

नाथाजीराव अगदी हळू वाकले आणि काउंटरखाली काहीतरी शोधायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. वीरधवलने कपाळावर हात मारला, मग तोच हात खाली आणून बोटांवर मोजू लागला. सोमवारी एक, मंगळवारी दोन. मी ते मोजणं बघत राहिले. प्रोसेसर सुटला होता. आता दुसरं कुणीतरी सापडत होतं, आणि किल्ली मीच दिली होती.

"म्हंजे एकच बाई हाय ही," तो म्हणाला. "जागा फिरत्यात, बाई एकच. काकू, कोण..."

"थांब," मी म्हणाले. मी कुणाला थांब म्हणत नाही, म्हणून तो थांबला. "तू विचारलंस की मी सांगणार. माझ्यानं खोटं बोलवणार नाही. आणि मी सांगितलं की तुला काहीतरी करावं लागणार, कारण तू सगळ्यांसमोर बोलून बसलायस. तेव्हा काय करणार ते आधी ठरव. मग विचार."

चहा आला. खरंच चांगला होता. सोमवार असल्यामुळे मी नुसता चहाच घेतला. वीरधवलने कप हातात धरला आणि प्यायला नाही. त्याने समीक्षाला फोन लावला, तिला जागांचं सांगितलं. ती एवढ्या मोठ्याने हसली की नाथाजीरावांनीही काउंटरखालून डोकं वर काढलं.

"दादा, मी प्रोसेसरची मापं काढत बसले आणि तुम्ही फुगडी घालत होतात!"

"हस. आता सांग, एका कॅमेऱ्यात काम भागंल का?"

"काळा दाणा बॉक्समध्ये जायचा थांबेल. पट्टा थांबव, दाणा काढ, पट्टा सोड. कुणाचा ते कळणार नाही. व्यापाऱ्याला कुठे कळायला हवंय?"

"त्या बारक्यावर चालंल तुझा प्रोग्राम?"

"मूळ कोड माझ्याकडेच आहे. त्या जातीसाठी पुन्हा बांधून देते. एक संध्याकाळ दे."

वीरधवलने फोन ठेवला, थंड झालेला चहा एका दमात प्याला आणि नाथाजीरावांना म्हणाला, "बारका बांधा. आन् हा जुना बी परत द्या. घरी हिशेबाला लावतो. लय हाल केलं त्याचं."

परतताना तो गाडी हळू करत म्हणाला, "मी नाव इचारत न्हाई."

"बरं."

"एवढंच सांगा. कामचुकार हाय का?"

"नाही."

"काडी सोडत न्हाई. काळा तेवढा सोडतीया." तो रस्त्याकडे बघत होता. "डोळं?"

"हो," मी म्हणाले.

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. वीरधवलने हॉर्न न वाजवता त्याच्यामागून गाडी नेली. मग म्हणाला, "मिरजेला चांगलं डॉक्टर हायत. तिला म्हणावं गाडी मी काढतो. पर जागेचं काय? मी सगळ्यांपुढं बोललोय. एकीला सोडलं म्हंजे बाकीच्या मला फाडून खातील."

"जागा रिकामी राहिली नाही तर कुणी मागणार नाही."

"बसणार कोण? तुमी?"

"मी."

"काकू, तुमी दाणा बघता बघता डोळं मिटता. नाम चालू होतं तुमचं."

हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बनाबाईला मी माठापाशीच सांगितलं. ती आधी घाबरली, मग रागावली. "इचारलं व्हय त्यांनी?"

"तुझं नाव नाही विचारलं."

"आन् माझी जागा?"

"तू परत येईपर्यंत मी बसेन. उन्हाची आली तर उन्हाची, धुरीची आली तर धुरीची. तुझी फिरती मोडू देणार नाही."

"तुमचा हात लय हळू हाय वैनी," ती काळजीने म्हणाली. "लोकं म्हणतील बनाबाईची जागा खराब केली."

"शिकीन."

"अंगठा आत घ्या. नखानं न्हाई, पेरानं."

तिने मला माठापाशीच तसं करून दाखवलं. बोटं माझ्या तळहातावर फिरवत होती आणि बघत होती भलतीकडेच.

बारकी डबी पट्ट्याच्या टोकाला बसली. मी तिला हळदकुंकू लावलं. नारळ वीरधवल नको म्हणाला. काळा दाणा आला की लाल दिवा लागायचा, पट्टा थांबायचा, आणि जी जवळ असेल ती दाणा उचलायची. पहिल्या दिवशी दिवा पुष्कळदा लागला. बायकांनी त्याला शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवसापासून लाडाने हाका मारायला लागल्या. नवीन निघालेला लॉट त्याच परगावच्या व्यापाऱ्याने ठेवून घेतला.

मिरजेला जायचा दिवस शुक्रवार ठरला. वीरधवलने गाडी शेडच्या दारात लावली आणि जुन्या प्रोसेसरचं रिकामं खोकं बनाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"कुठं निघाला दादा?" क्रांतीने आतून विचारलं. ती सहा जणींतली सगळ्यात तोंडाळ.

"प्रोसेसरचं काम हाय."

"मग बनाबाईला कशाला?"

"खोकं धरायला."

"बाई गं, खोक्याला बी माणूस लागतंय आता," क्रांती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या.

वीरधवलचं काही व्रत नाही. तो माझ्याकडे न बघता गाडीत बसला. बनाबाईने खोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आत काही असल्यासारखं. गाडी फाटकाबाहेर गेली. मी माळ पिशवीत ठेवली, पिशवी कोनाड्याला अडकवली. डोक्याला टोपी घातली, तोंडाला फडकं बांधलं. अंगठा आत घेऊन पाहिला, आणि टेबलाकडे चालायला लागले.